लूक प्रखोप: थायी औषधी पोटलीचा वापर आणि निगा (प्रकल्प नोंदी, चियांग माय)

10 जून 2024

थायी मालिशीत शेकण्यासाठी जी औषधी पोटली वापरतात तिला इथे ‘लूक प्रखोप’ म्हणतात. ‘लूक’ म्हणजे गोळा आणि ‘प्रखोप’ म्हणजे शेकणे. सांगलीत आयुर्वेदाचा व्यवसाय करताना पत्रपोटलीचा स्वेद मी अनेक वर्षे दिला आहे, त्यामुळे या पोटलीकडे मी अगदी कोऱ्या मनाने आलेली नाही. मात्र दोन्हींतला फरक पहिल्याच दिवशी लक्षात आला. आपली पोटली निर्गुंडीसारखा पाला तेलात परतून बांधतात, तव्यावर तापवतात आणि तेल लावलेल्या अंगावर फिरवतात. इथली पोटली ताज्या कंदांची आणि पाल्याची असते, ती पाण्याच्या वाफेवर तापते, तिला तेल लागत नाही आणि ती घासण्यापेक्षा दाबण्यासाठी असते.

सहा आठवड्यांच्या या मुक्कामात मी एकच प्रश्न हाती घेतला आहे. पोटली बांधायची कशी, हे इथे कोणीही दाखवते; परंतु एका वापरानंतर दुसऱ्या वापरापर्यंत ती कशी सांभाळायची आणि किती वापरांनंतर टाकून द्यायची, याबद्दल प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. पावसाळ्याची सुरुवात झाली आहे आणि हवा सतत दमट आहे, म्हणजे सांगलीच्या जुलैत जी अडचण मला येणार तीच इथे समोर आहे.

12 जून 2024

सकाळी वरोरोट बाजारातून सामान आणले. मुख्य घटक प्लाइ. हा आल्याच्या कुळातला कंद बाहेरून आल्यासारखाच दिसतो, पण कापल्यावर आत पिवळाधमक असतो आणि त्याला हळद व कापूर एकत्र केल्यासारखा वास येतो. त्याच्या तेलात सॅबिनीन आणि टर्पिनीन-4-ऑल ही द्रव्ये असून सूज आणि स्नायूंचे दुखणे यांवर थायी वैद्यक त्याचाच भरवसा धरते. प्लाइचे मलम थायलंडच्या राष्ट्रीय औषधसूचीतही आहे.

बाकीच्या घटकांची नावे ऐकताना मला वारंवार घरच्यांची गाठ पडल्यासारखे वाटले. ‘खामिन’ म्हणजे हळद, ‘ताख्राय’ म्हणजे गवती चहा, ‘माखाम’ म्हणजे चिंच. तिचा पाला यात पडतो. ‘सोम पोय’चा कोवळा, आंबट पाला मी हातात घेऊन चोळला आणि लक्षात आले की ही आपली शिकेकाई आहे, आपण तिच्या शेंगा वापरतो, हे लोक पालाही वापरतात. ‘कारबून’ हा सरळ कर्पूर, आणि ‘फिमसेन’ या नावाने जे स्फटिक मिळतात तो आपला भीमसेनी कापूर. फक्त ‘माक्रूत’ या खडबडीत सालीच्या लिंबाला माझ्याकडे रोजच्या वापरातले मराठी नाव नाही.

आजचे प्रमाण: प्लाइ 1 किलो, माक्रूतची साल 400 ग्रॅम, गवती चहाचे बुडखे 400 ग्रॅम, ओली हळद 200 ग्रॅम, चिंचेचा पाला 200 ग्रॅम, शिकेकाईचा पाला 100 ग्रॅम, मीठ 120 ग्रॅम, कापूर 60 ग्रॅम आणि भीमसेनी कापूर 60 ग्रॅम. यातून प्रत्येकी साधारण 210 ग्रॅमच्या 12 पोटल्या झाल्या. कंद आणि बुडखे चकत्या करून उखळात फक्त जाडसर ठेचायचे असतात. पहिल्या घाण्यात मी सवयीने चटणीसारखे बारीक वाटले, तर आमच्या शिक्षिकेने ते बाजूला ठेवायला सांगितले. बारीक लगद्याचे पाणी पहिल्याच वाफेत कापडातून गळून जाते आणि पोटली चिकट होते. शिवाय दाबताना तिच्यात जो लवचीक भरीवपणा हाताला जाणवायला हवा तो राहत नाही. मीठ आणि दोन्ही कापूर सर्वांत शेवटी घालायचे, कारण कापूर उघड्यावर उडून जातो.

कापड मांजरपाटाचे, कोऱ्या सुताचे, न रंगवलेले. नवीन मांजरपाटाला खळ असते, म्हणून ते आधी उकळत्या पाण्यातून काढून वाळवले होते. 40 सेंटिमीटरच्या चौकोनावर ढीग ठेवायचा, समोरासमोरचे कोपरे उचलून एकत्र धरायचे आणि पोटली तळहातावर फिरवत चुण्या सगळीकडे सारख्या बसवायच्या. मग गळ्याशी सुती दोरीचे तीन घट्ट वेढे घ्यायचे. वर उरलेल्या कापडाची मूठ करण्यात खरे कसब आहे. तीन कोपरे आत दुमडून चौथ्याने त्यांना गुंडाळायचे, लांबी अर्ध्यात मोडायची आणि गळ्यापासून वरपर्यंत दोरी इतकी ताणून गुंडाळायची की कापडाची काठी व्हावी. माझ्या पहिल्या दोन मुठी सैल झाल्या होत्या. अशा पोटलीचे डोके वाफवल्यावर डुगडुगते आणि गरम पाणी मुठीवरून थेट मनगटापर्यंत ओघळते. त्या दोन्ही सोडून पुन्हा बांधल्या.

13 जून 2024

आज गुरुवार. इथे गुरुवंदना याच वारी करण्याची रीत आहे. शिक्षिकेला सगळे ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला ‘गुरू’च. काम सुरू करण्यापूर्वी जीवकाचे स्मरण झाले. तक्षशिलेला शिकलेला, राजगृहातला, बुद्धाचा वैद्य म्हणून पाली ग्रंथांत येणारा जीवक इथल्या वैद्यकाचा आद्य पुरुष मानला जातो आणि त्याची लहान मूर्ती औषधांच्या कपाटाशेजारी आहे. बँकॉकच्या वाट पो विहारात तिसऱ्या रामा राजाच्या जीर्णोद्धाराच्या काळात, 1832 पासून पुढे, मालिशीचे ज्ञान संगमरवरी शिलापटांवर कोरले गेले. ते मी येताना पाहिले. त्या शिलालेखांची युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत 2011 मध्ये नोंद झाली आणि ‘नुआद थाय’ म्हणजे थायी मालिश 2019 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत आली.

बारा पोटल्यांच्या सहा जोड्या केल्या. काम नेहमी जोडीनेच चालते, एक अंगावर आणि एक वाफेवर. तीन जोड्या रोजच्या वापरासाठी, एक न वापरता शीतकपाटात, एक पूर्ण सुकवण्यासाठी, आणि सहावी अद्याप ठरलेली नाही.

18 जून 2024

वापराची नोंद आज सविस्तर करत आहे, कारण चार दिवस केवळ पाहिल्यानंतर आज ख्रूंनी पोटली माझ्या हाती दिली.

वाफेसाठी ॲल्युमिनियमचे दोन थरांचे भांडे असते, रचना हुबेहूब मोदकपात्राची. पाणी उकळू लागल्यावर पोटली ताटलीवर ठेवून 15 ते 20 मिनिटे वाफवायची. पोटलीची मूठ झाकणाबाहेर किंवा आत, कशीही असली तरी तिची दोरी ज्योतीकडे लोंबता कामा नये; आत कापूर आहे हे विसरून चालत नाही. बाहेर काढल्यावर पोटली जाड पंचावर दोनतीनदा दाबून ठिबकणारे पाणी टिपून घ्यायचे. ओल्या वाफेचा चटका कोरड्या शेकापेक्षा अधिक लागतो, कारण वाफेचे त्वचेवर पाणी होताना तिच्यातली सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. चटके बसतात ते बहुधा या ठिबकणाऱ्या पाण्यानेच.

त्यानंतरची पायरी कधीही चुकवू नये: पोटली आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली लावून पाहायची. तळहातावर लावून पाहणे पुरेसे नाही. रोज पोटल्या हाताळणाऱ्याचा तळहात उष्णतेला निबर झालेला असतो आणि तो चुकीची ग्वाही देतो. ख्रू गेली अनेक वर्षे हे काम करत आहेत, तरीही प्रत्येक पोटली त्या बाही वर सरकवून आधी स्वतःला लावतात. मी चार दिवसांत त्यांना एकदाही ही पायरी गाळताना पाहिले नाही.

अंगावर सुरुवात अगदी हलक्या, झटपट स्पर्शाने होते. पोटली टेकली की लगेच उचलायची, जागा बदलायची, पुन्हा टेकायची. तापमान थोडे उतरले की स्पर्श लांबवायचा आणि दाब वाढवायचा, मग गोल फिरवत दाबायचे. याचा अर्थ असा की एकाच पोटलीच्या प्रवासात हाताची गती सतत मंदावत जाते, आणि ही मंदावणारी लय ज्याला साधली त्याचा शेक सुखाचा होतो. माझ्या हाताची गती आज एकसारखीच राहत होती, म्हणून सुरुवात झोंबत होती आणि शेवट कोमट पडत होता. पोटली बदलण्याची वेळ साधारण पाच मिनिटांनी येते, आणि एका भागावर एकूण 15 ते 20 मिनिटे पुरतात.

शेकानंतर लगेच आंघोळ करू नये असे इथे सांगतात, म्हणजे त्वचेवर आलेले औषध धुऊन जात नाही. हळदीचा पिवळा रंग मात्र अंगावर आणि चादरीवर दोन्हीकडे उतरतो. म्हणून गडद रंगाच्या चादरी अंथरतात.

19 जून 2024

कोणाला शेकायचे नाही, याची यादी मी स्वतःसाठी लिहून भिंतीवर लावली. मुरगळ किंवा मार ताजा असेल तर पहिले 24 तास पोटली लावायची नाही, कारण उष्णतेने सूज वाढते. उघडी जखम, ताप, लाल होऊन फुगलेला सांधा, त्वचेचा विकार किंवा यातल्या कोणत्याही वनस्पतीचे वावडे असल्यास नाही. गरोदर स्त्रीला पोटावर आणि कमरेवर नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असल्याची शंका असेल तर डॉक्टरांकडे पाठवायचे. तान्ह्या मुलांच्या जवळही कापराची पोटली आणायची नाही.

27 जून 2024

आजची नोंद माझ्या चुकीची आहे आणि ती जशीच्या तशी लिहीत आहे.

24 तारखेला संध्याकाळी काम उशिरापर्यंत चालले. शेवटची जोडी वापरून झाल्यावर ती अजून कोमट असतानाच मी झाकणाच्या डब्यात ठेवली आणि डबा शीतकपाटाऐवजी ओट्यावर राहिला. दुसऱ्या दिवशी मी ती शोधली नाही. काल डबा उघडला तेव्हा आंबट, शिळ्या भातासारखा वास आला. आज पाहिले तर गळ्याशी, जिथे दोरीच्या वेढ्यांखाली कापडाच्या चुण्या दाटलेल्या असतात, तिथे राखाडी-हिरवी बुरशी धरली होती. पोटलीचा गोल भाग वरून स्वच्छ दिसत होता. केवळ गोल भाग पाहून ही जोडी मी वाफेवर चढवली असती, ही गोष्ट मला दिवसभर अस्वस्थ करत राहिली.

इथल्याच एका प्रशिक्षणार्थीने सुचवले की 20 मिनिटे वाफवल्यावर बुरशी मरेल. मरेलही, परंतु बुरशीने पोटलीत जे सोडले आहे आणि जो कुबट वास धरला आहे तो वाफेने जात नाही, आणि ती वाफ रुग्ण श्वासावाटे घेणार असतो. दोन्ही पोटल्या कापडासकट टाकून दिल्या. यापुढे बुरशी किंवा आंबूस वास यांतले काहीही आढळले तर चर्चा न करता पोटली टाकायची, हा नियम लिहून ठेवला. सहाव्या जोडीचे काय करायचे हा प्रश्नही त्यामुळे सुटला. ती वापरात घेतली.

नवी पद्धत अशी ठरली. काम संपल्यावर पोटली पंचात गुंडाळून हलकेच दाबायची, पिळायची नाही. मग मुठीला दोरी बांधून पंख्याखाली टांगायची, म्हणजे गळ्यातल्या चुण्यांनाही वारा लागतो. पूर्ण गार आणि वरून कोरडी झाल्यावरच हवाबंद पिशवीत घालून शीतकपाटात ठेवायची. अशी राखलेली पोटली तीन ते पाच दिवसांत वापरून संपवायची.

29 जून 2024

पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली: रुग्णाची खूण, बांधल्याची तारीख, कितवा वापर. मदतनीस मुलीने सवयीने वर्ष 2567 असे बौद्ध संवतात लिहिले आणि मी 2024 लिहिले होते, तेव्हा दोघींनी एकच पद्धत ठरवून घेतली. एका माणसाची पोटली दुसऱ्याला लावायची नाही. कापड घाम आणि त्वचेचा मळ धरते, आणि आत पोचलेले वाफेने बाहेर येत नाही. शहरातल्या एका मालिशगृहात तीच जोडी दिवसभर एकामागून एक सगळ्यांना लावताना मी पाहिले आहे. त्यात पोटलीचा आणि माणसाचा दोघांचाही अनादर आहे असे मला वाटते.

4 जुलै 2024

आज दोन रुग्ण लक्षात राहिले.

पहिले गृहस्थ मधुमेहाचे. पोटरीवर पोटली टेकवताना मी विचारले, फार गरम आहे का? ते नाही म्हणाले. पुन्हा विचारले, पुन्हा नाही. माझ्या कोपराखाली मात्र तीच पोटली सोसवत नव्हती. ख्रूंनी माझा हात धरून थांबवले, त्या गृहस्थांच्या पायाच्या बोटांना कापसाने स्पर्श केला आणि डोळे मिटून कुठे स्पर्श झाला ते सांगायला सांगितले. त्यांना सांगता आले नाही. मधुमेहात, पक्षाघातात आणि उतारवयात पायांची संवेदना कमी झालेली असते. अशा वेळी ‘गरम नाही’ या उत्तरावर विसंबता येत नाही. त्यांना पायांवर शेक दिला नाही. खांद्यावर, जिथे संवेदना शाबूत होती तिथे, कोमट पोटलीने दिला. कापसाची ही तपासणी मी आता प्रत्येक वयस्क रुग्णासाठी करते.

दुसऱ्या होत्या गुडघे दुखणाऱ्या एक आजी. उत्तरेकडच्या बोलीत आजीला ‘मॅ उय’ म्हणतात. पोटलीचा वास येताच त्या आपल्या बाळंतपणाबद्दल बोलू लागल्या. इथे बाळंतिणीला विस्तवाशेजारी झोपवण्याची ‘यू फाय’ नावाची चाल होती आणि तिच्यासोबत मिठाच्या तापलेल्या मडक्याचा आणि पोटलीचा शेक असे. मी त्यांना बाजेखालच्या शेगडीबद्दल, ओवा-शेपेच्या धुरीबद्दल सांगितले. दुभाषी मुलगी हसतच होती, कारण आम्ही दोघी एकच गोष्ट सांगत होतो आणि तिला तीच दोनदा भाषांतरित करावी लागत होती. आजींचा गुडघा लाल नव्हता, गरमही नव्हता, म्हणून शेक दिला. गुडघ्याच्या वाटीवर थेट दाबायचे नाही, तिच्या भोवतीने फिरायचे.

10 जुलै 2024

सुकवण्याच्या जोडीचा निकाल. कोरड्या हवेच्या कपाटात तीन दिवस ठेवल्यावर 210 ग्रॅमची पोटली जेमतेम 60 ग्रॅमवर आली. बुरशीचा मागमूस नाही. परंतु कापराचा वास जवळजवळ नाहीसा झाला आहे. पाण्याबरोबर तोही उडाला. म्हणजे बांधलेली पोटली सुकवण्यात अर्थ नाही. सुकी पोटली करायची असेल तर कंद आणि पाला आधी वेगवेगळे सुकवायचे, मग मीठ व कापूर मिसळायचे आणि त्यानंतरच बांधून हवाबंद करायचे. बाजारात मिळणाऱ्या सुक्या पोटल्या अशाच केलेल्या असतात, आणि नीट ठेवल्यास त्या वर्षभराहून अधिक टिकतात.

सुकी पोटली थेट वाफेवर ठेवली तर बाहेरून तापते आणि आत कोरडीच राहते. तिच्यावर आधी पाणी किंवा तांदळाची दारू शिंपडून ती मुरू द्यावी लागते. ख्रूंचा कल दारूकडे आहे, कारण तेलकट द्रव्ये पाण्यापेक्षा तिच्यात अधिक सुटतात. सांगलीत मी पाणीच वापरणार.

16 जुलै 2024

रंगाची नोंद. वापरातल्या पोटल्या वाफवल्यावर रोज एकाच पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर दाबून ठसे घेत आले आहे. पहिल्या वापराचा ठसा केशरी-पिवळा, दुसऱ्या-तिसऱ्याचा पिवळा, चौथ्याचा लिंबासारखा, पाचव्याचा चहाच्या पाण्यासारखा फिका. वासही त्याच क्रमाने उतरतो. आधी कापूर जातो, मग लिंबाची साल, आणि प्लाइचा वास सर्वांत शेवटी. इथे जुने लोक पोटली पिवळी उतरायची थांबली की औषध संपले असे मानतात. ही खूण घरच्या घरी कोणालाही पाहता येते, म्हणून मला ती दिवस मोजण्यापेक्षा अधिक उपयोगाची वाटते. न वापरलेली, शीतकपाटातली जोडी उघडून पाहिली. महिनाभरात वास टिकला होता पण गवती चहा काळवंडला होता. ती रुग्णासाठी वापरली नाही.

20 जुलै 2024

आसान्हा बूचा, म्हणजे आषाढी पौर्णिमा. उद्यापासून भिक्षूंचा वर्षावास सुरू होतो. केंद्र बंद. सुटीपूर्वी चालू पोटल्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या; ज्यांचे पाच दिवस सुटीत संपणार होते त्या आजच बाजूला काढल्या.

24 जुलै 2024

उद्या परतीचा प्रवास. सांगलीत ओली हळद, गवती चहा, चिंचेचा पाला, दोन्ही कापूर सहज मिळतील. शिकेकाईचा पाला कोकणातून मागवता येईल. प्लाइ मिळेपर्यंत मी या पोटलीला थायी पोटली म्हणणार नाही. निर्गुंडी आणि आंबेहळद घालून केलेली पोटली चांगलीच होईल, पण तिला तिच्या घटकांचे नाव द्यावे.

पाच वापर झालेली शेवटची जोडी दुपारी सोडली. दोरीचे वेढे उलगडताना गळ्यातल्या चुण्या नीट पाहिल्या. कोरड्या होत्या, स्वच्छ होत्या. आतला चोथा पातेल्यात उकळला, कोमट होऊ दिला आणि मॅ उय यांच्यासाठी पाय बुडवण्याच्या घमेल्यात ओतला. पायांच्या पाण्यासाठी तो अजून पुरेसा सुगंधी होता. कापड साबणाने धुताच पिवळे डाग कुंकवासारखे लाल झाले. मदतनीस मुलगी घाबरली, तिला हळदीची ही जात ठाऊक नव्हती. स्वच्छ पाण्यात खळबळून कापड मागच्या अंगणात उन्हात घातले आणि संध्याकाळपर्यंत डाग फिकट पिवळ्यावर आले.